काचेआडचा थर

भोसले राजांच्या अमदानीत तंजावरात बहरलेल्या काचचित्रांत रंग काचेच्या मागच्या बाजूस भरतात. डोळे, दागिने आधी आणि पार्श्वभूमी शेवटी, असा तो उलटा क्रम. काच स्वतःच चित्राचे कवच होते. मोटारीच्या पुढच्या काचेचे रहस्यही असेच आत दडलेले असते.

१९०३ साली फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या हातून एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. आतल्या भिंतीवर सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा वाळून बसला होता. त्यांनी १९०९ मध्ये याचे पेटंट घेतले. आज दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा थर दाबून बसवतात. बाजूच्या काचांची युक्ती निराळी. त्या सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरचा भाग आधी घट्ट होतो. आतला नंतर आकसताना बाहेरच्याला दाबात ठेवतो. म्हणून ती काच कणखर होते आणि फुटलीच तर बोथट तुकड्यांत.

भारतात या उद्योगाला चालना मिळाली ती मारुतीमुळे. १९८४ मध्ये लाबरू कुटुंब, जपानची असाही ग्लास आणि मारुती उद्योग यांच्या भागीदारीतून 'इंडियन ऑटो सेफ्टी ग्लास' स्थापन झाली. १९८७ मध्ये हरियाणातील बावल येथे उत्पादन सुरू झाले. पुढे तळोज्याची 'फ्लोटग्लास इंडिया' तिच्यात विलीन झाली आणि आज ती 'असाही इंडिया ग्लास' म्हणून ओळखली जाते. सपाट काच आणि सुरक्षा काच अशा रीतीने एका छत्राखाली आल्या.

केवळ बाजारपेठेने मात्र सुरक्षितता येत नाही. पुढची काच नुसती कणखर केलेली असेल, तर एका खड्याने ती संपूर्ण तडकून पांढरी पडते आणि चालक क्षणात आंधळा होतो. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढच्या काचेसाठी थरयुक्त काच आवश्यक ठरवली.

तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याने १९०८ पासून लोकवर्गणीच्या बळावर उत्पादनाबरोबरच कारागीरही घडवले. बावलच्या कारखान्यामागे जपानी तंत्र होते. दोन्ही वाटा काचेपर्यंत पोहोचतात. पण आपल्या प्रयोगशाळांनी विचारायचा प्रश्न तळेगावचाच आहे: काच येथे बनते, तिचे ज्ञान येथे किती वाढते?