व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे कोंडवाडा नव्हे

परवा ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. मुलाची दारू पार हाताबाहेर गेलीय. म्हणाले, "एखादं कडक सेंटर सांग रे. चार-सहा महिने कोंडून ठेवतील असं." बोलणं काळजीपोटीच होतं, पण तो 'कोंडून' शब्द डोक्यातून जाईना. म्हणून हा थोडा इतिहास.

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरला. झोपडपट्टीतली पोरं अडकली, तशी शिकल्यासवरल्या घरातलीही. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. विकणारा गुन्हेगार ठरला आणि ओढणाराही. घरी मार आणि बाहेर पोलीस, मधे उपचार जवळपास नाहीतच. अनिल अवचटांनी या मुलांमध्ये फिरून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. केंद्र काढा, पैसे आम्ही देतो, असं त्यांनी कळवलं.

अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला 'मुक्तांगण' सुरू झालं. नावातच अंगण आहे बघा!

तिथली पद्धत समजून घ्या. व्यसन हा आजार आहे, हा पहिला धडा. दारू किंवा गर्द बंद केल्यावर हात थरथरतात, झोप उडते, कुणाला झटके येतात, भास होतात. त्यासाठी आधी डॉक्टर आणि औषधं. पण शरीरातून नशा उतरली म्हणजे माणूस सुटला असं होत नाही. खरं काम त्यानंतर. सुमारे पाच आठवडे मुक्काम, ठरलेली दिनचर्या, व्यायाम, गटात बोलणं, समुपदेशन. आणि समुपदेशकांत कितीतरी जण स्वतः एकेकाळी तिथेच रुग्ण म्हणून आलेले! बायकांसाठी 'सहचरी' गटही सुरू झाला, कारण नवरा पितो तेव्हा आजारी सगळं घर पडतं.

१९९७ मध्ये सुनंदाताई कॅन्सरने गेल्या. काम थांबलं नाही. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळतात.

कायदाही हळूहळू इकडे सरकला. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला अमली पदार्थ कायद्यात काही अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि नशेमुळे होणारे मानसिक आजारही येतात. त्यानुसार रुग्णाला साखळीने बांधता येत नाही, आणि त्याला माणुसकीने वागवणं बंधनकारक आहे.

तरीही 'घरातून उचलून नेऊ' म्हणणाऱ्या जाहिराती भिंतीभिंतीवर दिसतात. का? कारण लोक अगतिक आहेत आणि सरकारी सोय तोकडी. दारूवरचं उत्पादन शुल्क सरकारी तिजोरीत नेमाने जमा होतं. मग जिल्ह्याच्या रुग्णालयात व्यसनाच्या रुग्णासाठी किती खाटा आहेत, हे आपण आमदारांना कधी विचारणार?

काकांना एवढंच सांगितलं: सेंटरला नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, मुलाला भेटू देतात का, घरच्यांशी बोलतात का, बाहेर पडल्यावर पाठपुरावा करतात का, हे आधी विचारा. कडक किती, हे विचारूच नका.

तुमच्या भागात चांगलं केंद्र असेल तर खाली लिहा. कुणाच्या तरी घरी त्याची आज गरज असेल.