प्रथिन भुकटी (प्रोटीन पावडर)
चीज करताना उरणाऱ्या निवळीतून किंवा सोयाबीन, वाटाण्यातून प्रथिने वेगळी काढून वाळवलेले आहारपूरक. भारतीय प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. डाळी, दूध, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. माफक भुकटीने निरोगी मूत्रपिंडाला इजा होते, असे सिद्ध झालेले नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र धोका खरा आहे, आणि अनेकांना आपला विकार ठाऊकच नसतो. दुग्धशर्करा न पचणाऱ्यांना निवळीच्या भुकटीने पोटफुगी, जुलाब होऊ शकतात. सर्वांत चिंताजनक बाब शुद्धतेची: तपासलेल्या काही भुकट्यांत शिसे, कॅडमियम आढळले, तर काहींत डब्यावर छापल्यापेक्षा प्रथिने कमी निघाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत ही पूरके टाळावीत असे सुचवताना त्यांतील साखर व कृत्रिम गोडी आणणाऱ्या द्रव्यांकडेही लक्ष वेधले.