शब्दओळख : 'ॲबज्युअर' म्हणजे नक्की काय?



अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथेत सुरुवातीलाच एक जोडी येते : 'रिनाउन्स अँड ॲबज्युअर'. पहिला शब्द आपल्या कानावरून गेलेला असतो, दुसऱ्यापाशी मात्र अडखळायला होते. मी घरी शपथेचा सराव करत होतो, तेव्हा भारतातून आलेल्या बाबांनी विचारले, "म्हणजे तू नक्की काय सोडणार आहेस?" मला धड उत्तर देता येईना. म्हणून हा शब्द मुळापासून पाहिला.

उच्चार : ॲब-ज्युअर. जोर दुसऱ्या भागावर.

मूळ : लॅटिन 'ॲब' म्हणजे दूर आणि 'यूरारे' म्हणजे शपथ घेणे.

अर्थ १ : निष्ठा, मत, श्रद्धा किंवा हक्क यांचा शपथेवर त्याग करणे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत गॅलिलिओला १६३३ मध्ये रोममध्ये असेच सोडावे लागले.

अर्थ २ : एखाद्या गोष्टीपासून निश्चयाने दूर राहणे, उदा. हिंसा. डॉक्टरांनी सांगितले म्हणून साखर सोडली तर 'गिव्ह अप' पुरे. तिथे ॲबज्युअर म्हणजे भाजी आणायला शेरवानी घालून जाणे!

रिनाउन्स आणि ॲबज्युअर : रिनाउन्स म्हणजे सोडल्याचे जाहीर करणे, ॲबज्युअर म्हणजे शपथेवर सोडणे. ही जोडी अमेरिकेच्या १७९५ च्या नागरिकत्व कायद्यापासून चालत आली आहे.

सावधान : 'ॲडज्युअर' हा वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ कळकळीने विनवणे किंवा शपथ घालणे.

भावंडे : 'पर्जरी' म्हणजे खोटी शपथ आणि 'ज्युरी' म्हणजे शपथबद्ध पंच. मूळ तेच. नागरिकत्वाच्या अर्जावर सही करताना पर्जरी भेटते, समारंभात ॲबज्युअर, आणि पुढे कधीतरी टपालाने ज्युरी ड्यूटीचे पत्र!

आता बाबांचा प्रश्न. शपथेत आपण सोडतो ती परक्या राज्यसत्तेवरची निष्ठा. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि तिथला मतदानाचा हक्कही जातो. नंतर मिळणारे ओसीआय कार्ड येण्याजाण्याची मोठी सोय करते, पण नावात 'सिटिझन' असले तरी ते नागरिकत्व नव्हे. भाषा, सणवार आणि नातीगोती यांचा मात्र शपथेत उल्लेखही नाही.

हे सांगितल्यावर बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मत गेलं, मराठी राहिली. ती तुलाच सांभाळायची."

शपथ समजली आहे का, असे अर्जातच विचारलेले असते. 'होय' वर खूण करण्याआधी हा शब्द घरच्यांबरोबर एकदा मोठ्याने वाचून पाहा.