यवनाचा भोजनमंडप

मेलबर्नच्या लॉन्सडेल स्ट्रीटवर मी पहिल्यांदा ग्रीक जेवण जेवलो. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो ग्रीक कुटुंबं या शहरात आली. समोर गरम पिटा, भाजलेलं मटण आणि दह्यात कालवलेली काकडी. ही तर आपली कोशिंबीर! ग्रीकांशी माझी ही पहिलीच गाठ, असं वाटलं.

पण ती पहिली नव्हती. माझं गाव कुंभिवली, खोपोलीजवळ. बोरघाट चढून लोणावळ्याच्या पुढे गेलं की कार्ल्याची लेणी. शाळेच्या सहलीत तिथल्या चैत्यगृहात खांबांमधून आम्ही पळापळी खेळलो होतो. त्यातले कितीतरी खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेत. तसं त्यांवर ब्राह्मी लिपीत कोरलेलंच आहे. यवन म्हणजे मुळात आयोनियन ग्रीक; पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही तो शब्द लागला. कार्ल्याच्या या यवनांची नावं मात्र ‘यसवधन’सारखी, इथल्याच वळणाची. दोन हजार वर्षांपूर्वीच ते इथले होऊन गेले होते.

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला चक्क भोजनमंडप दिला. मी परक्या शहरात त्यांचं जेवण विकत घेतलं. चिटने आमच्या मुलखात इतरांना जेवायला जागा करून दिली.

पुढे ‘यवन’ हा शब्द मुसलमानांसाठी वापरला गेला, अनेकदा तुच्छतेने. आजही कुणी तो तसा उच्चारला की मला चिटचा मंडप आठवतो.