जबड्याचं दुखणं आणि एका प्लेटची गोष्ट

झोपेत दात खाणाऱ्या मुलाला आपल्याकडे जंतांचं औषध देतात. मोठा माणूस दातओठ खात असेल, तर तो रागावलाय असं आपण समजतो. परदेशात आल्यावर दात खाण्याला तिसराच अर्थ मिळतो. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कानापुढे ठणकतं, जांभई देताना कट्कन आवाज येतो. म्हणून डेंटिस्टकडे जावं, तर तो दातांचं माप घेऊन एक प्लेट बनवून घ्यायला सांगतो. नाइट गार्ड, स्प्लिंट, बाइट प्लेट अशी तिची वेगवेगळी नावं. अमेरिकेत तिचं बिल शेकडो डॉलरांचं होतं. दातांचा विमा म्हणतो, हे सांध्याचं दुखणं आहे. आरोग्य विमा म्हणतो, हे दातांचं काम आहे.

ही प्लेट नेमकं काय करते, असं विचारलं तर मिळणारं उत्तर डेंटिस्ट कोणत्या काळात शिकला यावर बरंचसं अवलंबून असतं. गेल्या शंभरेक वर्षांत प्लेट फारशी बदलली नाही, पण ती का चालते याचं स्पष्टीकरण मात्र निदान चार वेळा बदललं. हा इतिहास ठाऊक असला, तर पैसे भरण्याआधी काय विचारायचं तेही कळतं.

सुरुवात रबरापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गुडइयर बंधूंच्या प्रयोगांतून व्हल्कनाइट, म्हणजे कडक रबर, तयार झालं. मऊ असताना हव्या त्या साच्यात बसवायचं आणि तापवून कडक करायचं. त्यामुळे प्रत्येकाच्या तोंडाच्या मापाची वस्तू बनवणं पहिल्यांदाच सोपं आणि स्वस्त झालं. त्याच्या कवळ्या होऊ लागल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात न्यूयॉर्कचे दंतवैद्य थॉमस गनिंग यांनी मोडलेले जबडे जुळवण्यासाठी त्याचे स्प्लिंट केले. त्यांचे सगळ्यांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड. एप्रिल १८६५मध्ये घोडागाडीच्या अपघातात सिवर्ड यांचा जबडा मोडला होता. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, त्याच रात्री सिवर्ड यांच्यावरही घरात घुसून चाकूहल्ला झाला.

या रबराचे पेटंट हक्क ज्या कंपनीकडे होते, ती दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे घेई आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेची. १८७९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने त्या कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांना गोळी घालून ठार केलं. तोंडात बसवायच्या वस्तूचा धंदा तेव्हापासूनच तापलेला होता.

दात खाण्यासाठी प्लेट वापरण्याचा विचार पुढचा. १९०१च्या सुमारास व्हिएन्नाचे मोरित्स कारोली यांनी दात खाण्याचा संबंध हिरड्यांच्या आजाराशी जोडला आणि दातांमध्ये आवरण बसवून घर्षण रोखायचा उपाय मांडला. पण त्यांचा रोख दात आणि हिरड्यांवर होता. सांध्याचं दुखणं या गोष्टीत आलं ते १९३४ साली.

त्या वर्षी सेंट लुइसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी अकरा रुग्णांवर एक लेख लिहिला. कानात दडे बसणं, आवाज येणं, चक्कर, डोकेदुखी अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कॉस्टन यांनी मांडलेलं कारण ऐकायला अगदी पटण्यासारखं होतं: दाढा गेल्या की तोंड गरजेपेक्षा जास्त मिटतं, जबड्याचं टोक मागे सरकतं आणि कानाजवळच्या नसा-नळ्यांवर दाबतं. उपायही त्यातच होता. दातांमध्ये काहीतरी घालून चावा उंच करायचा. अकरा रुग्णांच्या या लेखाने दंतवैद्यांना एक नवा आजार दिला आणि त्यावरचा इलाजही दिला. 'कॉस्टन सिंड्रोम' हे नाव पुस्तकांत गेलं.

१९४८मध्ये व्हिएन्नाहून शिकागोला आलेले शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी झिखर यांनी दाखवलं की कॉस्टन म्हणतात तसा दाब त्या नसांवर येणं रचनेच्या दृष्टीने शक्य नाही. स्पष्टीकरण कोसळलं, पण प्लेट टिकली, कारण ती घातल्यावर पुष्कळांना बरं वाटत होतं. एव्हाना व्हल्कनाइटची जागा अ‍ॅक्रिलिकने घेतली होती. पारदर्शक, करकरीत, हव्या तशा घासता येणाऱ्या प्लेटा आणखी सहज बनू लागल्या.

मग दोन घराणी तयार झाली. एक म्हणायचं, वरखालचे दात नीट जुळत नाहीत, हेच मूळ आहे. मिशिगन विद्यापीठातले रामफ्योर्ड आणि अ‍ॅश यांची सपाट प्लेट याच परंपरेतली. 'मिशिगन स्प्लिंट' हे नाव आजही ऐकू येतं. दुसऱ्या घराण्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांच्या क्लिनिकमध्ये झाली. त्यांचं म्हणणं, दुखतो तो स्नायू, आणि तो आखडतो ताणामुळे. शिकागोत डॅनियल लास्किन यांनी १९६९मध्ये हाच विचार पुढे नेला.

लास्किन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स ग्रीन यांनी यापुढे जे केलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. त्यांनी काही रुग्णांना अशी प्लेट दिली, जी फक्त टाळूला चिकटून बसते आणि दातांच्या मध्ये येतच नाही. चावा बदलण्याचा प्रश्नच नव्हता, तरी त्यांतल्या काहींना बरं वाटलं. १९७६मध्ये त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंचवीस रुग्णांचे दात घासून चावा नीट केल्याचं फक्त नाटक केलं, प्रत्यक्षात चावा बदलला नाही. त्यांतल्या सोळा जणांनी दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेल्याचं सांगितलं.

याचा अर्थ दुखणं खोटं होतं असा नाही. जबड्याचं दुखणं चढतं-उतरतं असतं. माणूस डॉक्टरकडे जातो तो ते सर्वांत चढलेलं असताना, त्यामुळे पुढचे काही आठवडे काहीही केलं तरी बऱ्याचदा ते उतरतंच. शिवाय कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं, तोंडात काहीतरी आहे म्हणून आपण दात आवळतोय हे लक्षात आलं, यानेही फरक पडतो. अडचण अशी, की 'ताण' हा शब्द दवाखान्यात फार लवकर 'मनाचे खेळ' होऊन बसतो. या दुखण्यासाठी दवाखान्यात येणाऱ्यांत बायकांची संख्या खूप जास्त. त्यांतल्या कितीतरी जणींना हेच ऐकून परत जावं लागलं.

सत्तरच्या दशकात पारडं पुन्हा फिरलं. जबड्याच्या सांध्यात एक छोटी चकती असते. तोंड उघडताना जबड्याचं टोक आधी फिरतं आणि मग त्या चकतीसह पुढे सरकतं. चकती जागेवरून हलली की कट्कन आवाज होतो. अलाबामाचे विल्यम फरार यांनी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी प्लेट वापरून चकती पुन्हा जागेवर आणायचा मार्ग मांडला. आता दोष दिसू शकत होता, आणि दिसणारा दोष दुरुस्त करायचा मोह मोठा असतो. ज्यांना प्लेटने गुण आला नाही, त्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. चकती काढून तिच्या जागी ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीचं प्रोप्लास्ट-टेफ्लॉन बसवलं जाऊ लागलं. १९८३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वाट मोकळी करून दिली. चावण्याच्या जोराखाली त्याचे तुकडे झाले, शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिक्रिया दिली आणि आजूबाजूचं हाड झिजलं. १९९१पर्यंत ते परत मागवलं गेलं. कंपनी त्याआधीच दिवाळखोरीत गेली होती. ज्यांच्या सांध्यात ते बसलं होतं, त्यांतल्या अनेकांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. कट्कन आवाज मात्र कितीतरी माणसांच्या जबड्यात आयुष्यभर होतो आणि कधी दुखत नाही, हे पुढच्या संशोधनाने नीट दाखवलं.

प्लेट आणि ही शस्त्रक्रिया यांच्यामागचा सिद्धान्त एकाच कुळातला होता. फरक एवढाच, की प्लेट काढून ड्रॉवरमध्ये ठेवता येत होती.

त्यानंतरचा काळ मोजमापाचा. २००६मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी दोनशे रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मापाची कडक प्लेट, दुकानात मिळणारं खेळाडूंचं मऊ माउथगार्ड, आणि प्लेट न देता फक्त स्वतः घ्यायच्या काळजीच्या सूचना, असे तीन गट केले होते. वर्षभरानंतर तिघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०२०मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या आढाव्यालाही प्लेटने दुखणं कमी होतं याचा पुरावा सापडला नाही. २०२३च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी, दीर्घकाळच्या दुखण्यासाठी, जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले फिजिओथेरपीचे उपचार आणि वागणूक बदलायला मदत करणारं समुपदेशन यांना पहिली पसंती दिली. काढता येणाऱ्या प्लेटेबद्दल सौम्य प्रतिकूल, तर चावा कायमचा बदलणाऱ्या प्लेटेबद्दल ठाम प्रतिकूल मत दिलं. दात झिजू नयेत म्हणून घातलेल्या नाइट गार्डचा प्रश्न वेगळा. ते काम ती करते.

विम्याच्या टोलवाटोलवीचं मूळही इतिहासातच आहे. १८४०मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं पहिलं स्वतंत्र कॉलेज निघालं आणि तोंड उरलेल्या शरीरापासून वेगळं झालं. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजच्या २०२०च्या अहवालाने, जबड्याचे रुग्ण या दोन व्यवस्थांच्या फटीत सापडतात हे स्पष्ट नोंदवलं.

तेव्हा साचा द्यायला खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. ही प्लेट दात वाचवण्यासाठी आहे की दुखणं थांबवण्यासाठी? ती घालून माझा चावा कायमचा बदलेल का? आणि तीन महिन्यांत गुण आला नाही, तर पुढे काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दात घासणं, कॅप बसवणं किंवा शस्त्रक्रिया असं आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.