दोन बटाटे, दोन अंडी आणि एक डबा कॉस्टिक

साहित्य: दोन मध्यम बटाटे, दोन अंडी, एक डबा कॉस्टिक सोडा. कृती: बटाट्याच्या पातळ चकत्या करून काचेच्या बरणीत घालाव्यात, वरून कॉस्टिक घालून लाकडी चमच्याने ढवळावे, मग अंडी फोडून...

थांबा! ही रेसिपी खायची नाही, आणि करून बघायची तर अजिबातच नाही. हे मिश्रण १९४० च्या दशकात अमेरिकेतले कृष्णवर्णीय तरुण स्वतःच्या डोक्याला फासत असत. कुरळे केस सरळ करायला. त्याला म्हणायचे कॉन्गोलीन, आणि त्यातून होणाऱ्या केशरचनेला 'कॉन्क'. कॉस्टिक सोडा म्हणजे तोच, आपल्याकडे तुंबलेल्या मोरीत ओततात तो.

ही पाककृती इतकी तपशीलवार आपल्यापर्यंत पोचली ती माल्कम एक्समुळे. १९६५ मध्ये त्याची हत्या झाली आणि त्याच वर्षी ॲलेक्स हॅलीने शब्दबद्ध केलेलं त्याचं आत्मचरित्र बाहेर आलं. त्यात एक प्रसंग आहे. मिशिगनहून बॉस्टनला सावत्र बहिणीकडे आलेला कोवळ्या वयाचा माल्कम, आणि त्याचा मित्र शॉर्टी. न्हाव्याचे पैसे वाचवायला शॉर्टीच घरी कॉन्क करून देतो. सामानाच्या यादीत व्हॅसलीनची मोठी बरणी आहे, साबण, दोन कंगवे, रबरी नळी, रबरी एप्रन आणि हातमोजे आहेत. म्हणजे बघा, करणाऱ्याच्या हातांना मोजे हवेत आणि ज्याच्या डोक्यावर जाणार त्याला फक्त व्हॅसलीन! अंडी पडल्यावर बरणी बाहेरून हाताला गरम लागते. डोक्यावर मिश्रण आधी नुसतं कोमट वाटतं, आणि मग आग लागते. शेवटी आरशात सरळ, चकचकीत केस दिसतात आणि पोरगं वेदना विसरून खूश होतं.

पुढे माल्कमने या क्षणाकडे फार कठोरपणे पाहिलं. गोऱ्यासारखं दिसण्यासाठी स्वतःची कातडी जाळून घेतली, स्वतःला हीन मानण्याच्या वाटेवरचं हे आपलं पहिलं मोठं पाऊल, असं तो म्हणतो. स्पाइक लीच्या १९९२ च्या सिनेमात तर नळाला पाणी नाही म्हणून डेन्झेल वॉशिंग्टन संडासच्या भांड्यात डोकं बुडवतो. थिएटरात लोक हसतात त्या सीनला. हसू येतंच, पण काही मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं हे कळलं की हसू जातं.

ते कळण्यासाठी थोडी केमिस्ट्री. (बारावीनंतर सोडली असेल त्यांच्यासाठी, सोप्पी.)

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना दोन प्रकारच्या जोडांनी धरून ठेवतात. एक कच्चे जोड, हायड्रोजन बाँड. हे पाण्याने आणि उष्णतेने सुटतात. म्हणूनच इस्त्री केलेले केस पावसाचा पहिला शिंतोडा पडला की जून महिन्यात परत मूळपदावर येतात. दुसरे पक्के जोड, गंधकाचे दोन अणू एकमेकांचा हात धरून बसलेले. कॉस्टिक सोडा नेमका या पक्क्या जोडांवर घाव घालतो, त्यातला एक गंधकाचा अणू निघून जातो आणि वेगळाच जोड तयार होतो. हा बदल परत फिरवता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कमिट झालं, रिव्हर्ट नाही.

गंमत म्हणजे केस सरळ झाला तरी मुळातलं छिद्र वळलेलंच राहतं. त्यामुळे नवीन केस येतो तो कुरळाच, आणि दर सहा-आठ आठवड्यांनी मुळाशी परत तेच मिश्रण लावायचं. सबस्क्रिप्शन मॉडेल म्हणतात ते हेच.

आणि आग का लागते? कॉस्टिक पाण्यात विरघळतानाच भरपूर उष्णता सोडतो, बरणी तापते ती त्यामुळे. पण डोक्याची आग वेगळी. केराटिन फक्त केसात नसतं, कातडीतही असतं, आणि कॉस्टिकला दोन्हींतला फरक कळत नाही. शिवाय कातडीतली चरबी आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण होतो. शब्दशः साबण. घरी साबण करतात तीच अभिक्रिया. व्हॅसलीनचा थर ही त्यातली एकमेव फायरवॉल. मग बटाटा कशाला? तर कॉस्टिकमुळे बटाट्यातला स्टार्च न शिजवताच फुगतो आणि खळीसारखी जेली होते. ती केसाला चिकटून राहते, ओघळून डोळ्यात जात नाही. मला या अज्ञात संशोधकाबद्दल खरंच आदर वाटतो. प्रयोगशाळा नाही, कुणी विचारायला नाही, आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंतून त्याने घट्टपणाचा प्रश्न सोडवला.

स्वयंपाकघर हा शब्द इथे सहज आलेला नाही, बरं का. केस सरळ करण्याची जागा तीच. त्याआधी बायका पितळी किंवा लोखंडी कंगवा शेगडीवर तापवून केस सरळ करायच्या, तोही तिथेच. आणि मानेवरचे, कशालाही न जुमानणारे सगळ्यात कुरळे केस असतात ना, त्यांनाच कृष्णवर्णीयांच्या बोलीत 'किचन' म्हणतात. हेन्री लुईस गेट्सने १९९४ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात यावर फार छान लिहिलंय.

तसं रसायनाने केस सरळ करणं माल्कमच्याही आधीचं. क्लीव्हलंडच्या गॅरेट मॉर्गनला शिलाई मशीनच्या सुईसाठी द्रव बनवताना हा शोध लागला आणि पहिला प्रयोग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर झाला, अशी कथा सांगतात. १९१३ मध्ये त्याने केसांच्या क्रीमची कंपनी काढली. त्याच मॉर्गनने धुरात घालायचा मुखवटा केला आणि १९२३ मध्ये ट्रॅफिक सिग्नलचं पेटंट घेतलं. मॅडम सी. जे. वॉकरचं नावही या यादीत नेहमी घुसडतात, पण तिचं प्रसिद्ध उत्पादन केस वाढवण्याचं होतं, सरळ करण्याचं रसायन नव्हे. असो.

बटाट्याची सुट्टी झाली ती शिकागोत. जॉर्ज जॉन्सन एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत काम करायचा. ऑर्विल नेल्सन नावाच्या न्हाव्याला आपलं स्ट्रेटनर सुधारून हवं होतं. जॉन्सनने संधी ओळखली. धंद्यासाठी अडीचशे डॉलर कर्ज मागितलं, मिळालं नाही. मग त्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेत जाऊन बायकोबरोबर सहलीला जायचंय असं सांगितलं, तर लगेच मिळालं! १९५४ मध्ये जॉन्सन प्रॉडक्ट्स सुरू झाली. आधी पुरुषांसाठी अल्ट्रा वेव्ह, मग बायकांसाठी अल्ट्रा शीन. आत कॉस्टिकच, पण आता मऊसूत क्रीममध्ये. १९७१ मध्ये ही कंपनी अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर गेली. कृष्णवर्णीयाच्या मालकीची तिथे पोचलेली ती पहिली कंपनी.

बरणी गेली आणि डबी आली तेव्हा एक गोष्ट हरवली असं मला वाटतं. शॉर्टीच्या हातात कॉस्टिकचा डबा होता, तो काय चीज आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तर हातमोजे. देखण्या डबीवर हसऱ्या बाईचा फोटो असतो. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन्सनला भाग पाडलं की आत कॉस्टिक आहे, केस आणि कातडी जळू शकते, हे स्पष्ट छापा. चांगलंच झालं. पण तसाच माल विकणाऱ्या रेव्हलॉनला हाच नियम लागायला जवळजवळ दोन वर्षं लागली. मधल्या काळात दुकानात दोन डब्या शेजारी शेजारी, एकीवर धोक्याची सूचना, दुसरीवर नाही. तुम्ही कोणती उचलाल? जॉन्सनचं गिऱ्हाईक घसरलं आणि ही जखम तो कधी विसरला नाही. इशारा छापायलाच हवा होता, पण सगळ्यांनी एकाच दिवशी.

मग आले 'नो-लाय', म्हणजे कॉस्टिकविरहित घरगुती किट. दोन डब्या, घरी मिसळायच्या. एकीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दुसरीत ग्वानिडीन कार्बोनेट. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे काय ते पान खाणाऱ्याला सांगायला नको: चुना! दोन्ही मिसळून ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं, आणि तेही पक्के जोड त्याच पद्धतीने तोडतं, जवळपास तितकंच जहाल अल्कली. शब्द खरा आहे, कॉस्टिक नाहीच आत. पण वाचणाऱ्या आईला जे वाटतं ते खरं नाही. आणि पुढे लहान मुलींसाठीही अशी किट निघाली.

एवढं सगळं लोक का सोसत होते? 'गोऱ्यांची नक्कल' हे माल्कमचं उत्तर मला अर्धंच वाटतं. १९८१ मध्ये रेने रॉजर्स ही विमान कंपनीची कर्मचारी कोर्टात गेली, कारण कंपनीने बारीक वेण्या घालायला बंदी केली होती. ती हरली. वेण्या बदलता येतात, त्या काही वंशाचा भाग नाहीत, असं कोर्टाचं म्हणणं. म्हणजे नोकरी हवी तर डोकं बदला. माझे स्वतःचे केस कुरळे आहेत. क्लायंट येणार असला की टीममधलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अगं, एकदा स्ट्रेटनिंग करून टाक ना, प्रोफेशनल दिसेल." मला फक्त टोमणा मिळतो, पगार कापला जात नाही. हा फरक मोठा आहे, पण शब्द तोच आहे: प्रोफेशनल. केसाच्या छिद्राचा आकार आणि कोड रिव्ह्यू यांचा संबंध मला अजून सापडलेला नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये क्राउन कायदा करून केसांच्या नैसर्गिक रूपावरून भेदभाव करायला बंदी घातली. रॉजर्सनंतर अडतीस वर्षांनी.

आणि २०२२ मध्ये नवीनच गोष्ट समोर आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ बायकांची जवळपास अकरा वर्षांची माहिती तपासली. त्यात गर्भाशयाच्या कर्करोगाचे ३७८ रुग्ण सापडले. स्ट्रेटनर कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज निघाला. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे, आणि कोणत्या घटकामुळे किंवा ब्रँडमुळे हेही त्या अभ्यासातून कळत नाही. तरी हजारो बायकांनी खटले भरले आणि ते २०२३ मध्ये एकाच कोर्टाकडे सोपवले गेले. ते कोर्ट शिकागोतलं, म्हणजे जॉन्सनच्याच गावातलं. कंपन्यांनी आरोप फेटाळले आहेत.

आपल्याकडच्या पार्लरमधलं 'रीबाँडिंग' हे वेगळं रसायन, थायोग्लायकोलेट. ते पक्के जोड तोडतं आणि मग पेरॉक्साइडने सरळ अवस्थेत परत जोडतं. हायड्रॉक्साइडवाल्या क्रीमशी त्याचं अजिबात जमत नाही. एक झालेल्या केसांवर दुसरं लावलं तर केस हातात तुटून येतात. म्हणून पार्लरवाल्या ताईने विचारलं नाही तरी आधी काय लावलंय ते तिला नावासकट सांगा, आणि घरी किट आणलंच असेल तर फोटोवाली बाजू सोडून डबी उलटी करा. हायड्रॉक्साइड हा शब्द बारीक अक्षरात कुठेतरी सापडेल.