कायोटी-शिकारीची रायफल

कायोटी-शिकारीची रायफल : उत्तर अमेरिकेतील कायोटी या श्वानकुलातील प्राण्याच्या शिकारीसाठी वापरली जाणारी, हलक्या पण अतिवेगवान गोळीची रायफल. आपल्याकडचा कोल्हा आणि कायोटी हे कॅनिस या एकाच प्रजातीतले. कोल्ह्याला भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. वायोमिंगसारख्या अमेरिकी राज्यात मात्र कायोटी कायद्याने भक्षक प्राणी ठरतो आणि त्याची शिकार वर्षभर चालते. कोकरे-वासरे राखणे आणि हिवाळी कातडे मिळवणे ही शिकारीची दोन मुख्य कारणे. रायफल कोणती घ्यावी, हे पुष्कळसे या कारणावरच ठरते.

दाट हिवाळी केसांमुळे कायोटी भरदार दिसतो, पण पश्चिमेकडच्या मैदानांत त्याचे वजन बहुधा ९ ते १६ किलोच भरते. केसांखालची छाती अरुंद असते. हृदय आणि फुप्फुसे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत येतात. गोळी तिथे बसली तर जनावर जागीच कोसळते. पोटात किंवा पायात लागली तर ते झुडपांत शिरते आणि तडफडत मरते. म्हणून या निवडीत अचूकता आधी, ताकद नंतर. .२२ लाँग रायफल हे छोटे काडतूस स्वस्त असते आणि कुठेही मिळते. पण त्याने जनावर जखमी होऊन निसटण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा कायोटीवर ते वापरूच नये.

शिकार बहुतेक वेळा आवाजाने कायोटीला जवळ बोलावून होते. शिकारी झुडपाला पाठ टेकून बसतो आणि जखमी सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढतो. कायोटी सरळ येत नाही; वास घेण्यासाठी वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतो आणि क्षणभर थबकतो. तेवढाच वेळ हाती असतो. दक्षिण टेक्ससच्या काटेरी रानात गोळी झाडण्याचे अंतर पन्नास पावलांवरही येते, आणि तिथे छर्‍याची बंदूक रायफलीपेक्षा सोयीची. वायोमिंगच्या उघड्या माळावर मात्र तीनशे मीटरचीही तयारी ठेवावी लागते.

काडतुसांत .२२३ रेमिंग्टन सर्वांत रुळलेले. ते १९६४ पासून बाजारात आहे, लष्करी ५.५६ मिमी काडतुसाचे हे नागरी भावंड. त्याची ५५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ३.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगाने सुटते. धक्का इतका कमी की गोळी कुठे लागली ते रायफलीवरच्या दुर्बिणीतून दिसते. काडतुसे स्वस्त असल्याने सरावही भरपूर होतो. पहिलीच रायफल घेणाऱ्याने फार विचार न करता हीच घ्यावी. .२२-२५० रेमिंग्टन हे मूळचे हौशी कारागिरांचे काडतूस. .२५० सॅव्हेज या काडतुसाच्या पुंगळीचे तोंड आवळून ते बनले आणि १९६५ मध्ये कारखान्यात आले. तेवढ्याच वजनाची गोळी ते सेकंदाला सुमारे ११२० मीटर वेगाने फेकते. दोनशे यार्डांवर नेम बांधला तर वाटेत गोळी नजरेच्या रेषेपासून दोन बोटांपेक्षा फारशी वर जात नाही, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावते. नळी मात्र लवकर झिजते.

वाऱ्याला हलकी गोळी दाद देते. ताशी १६ किमीचा आडवा वारा .२२३ च्या गोळीला पावणेतीनशे मीटरवर वीतभराहून जास्त सरकवतो. माळावर १९५५ चे .२४३ विंचेस्टर कामाला येते ते यामुळेच. पण त्याची जड गोळी कातड्याला मोठे भगदाड पाडू शकते. कातडे विकणारा शिकारी २००४ च्या .२०४ रुगरकडे वळतो. त्याची पातळ वेष्टनाची गोळी आत शिरताच फुटते आणि सहसा बाहेर पडत नाही. पूर्ण धातुवेष्टित गोळी आरपार जाते, दगडावरून उसळते; ती या कामाची नव्हे. गोळी कोणतीही असो, कायोटीमागे मातीचा उतार नसेल तर चाप ओढू नये.

दर गोळीनंतर हाताने खिट्टी ओढावी लागणारी बोल्ट ॲक्शन रायफल साधी, भरवशाची. एकाच वेळी दोन-तीन कायोटी आले तर अर्धस्वयंचलित एआर-१५ उपयोगी पडते, पण काही राज्यांत तिच्यावर बंधने आहेत. जाड, जड नळी प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या छोट्या प्राण्यावर दिवसभर गोळ्या झाडणाऱ्यांसाठी असते. कायोटीवर थंड नळीतून एखादीच गोळी सुटते आणि रायफल मैलोन्‌मैल खांद्यावर वागवायची असते, तेव्हा मध्यम नळी बरी. दुर्बीण ३ ते ९ पट मोठे दाखवणारी असली की पुरे. शिकारी ती कमी पटीवरच ठेवतो, नाहीतर जवळ आलेला कायोटी दुर्बिणीत सापडतच नाही.

नळीतल्या आट्यांचा पीळ खरेदीपूर्वी पाहावा. .२२-२५० च्या जुन्या रायफलींत १४ इंचांत एक फेरा असतो. हलक्या गोळीला तो चालतो, लांब गोळी मात्र त्यातून डगमगत जाते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाची गोळी बंद आहे. तिच्या जागी आलेली तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाला जास्त लांब भरते. तिथे ९ किंवा ८ इंचांत एक फेरा देणारी नळी घ्यावी लागते.